भोजनशाळेचा उतार

३ जून, मंगळवार
इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या भोजनशाळेची अभ्यासिका करायची, काल सभेत पक्कं झालं. वर्षभर कुलूप असतं, उघडते फक्त सणाला. नकाशा मी काढायचा, फुकट. सभासदांत एकच आर्किटेक्ट असली की असंच होतं. तरी घरी येताना खूश होते. अध्यक्ष म्हणून अप्पांची अट: गणपतीतली महाप्रसादाची पंगत तिथेच, जमिनीवर. सगळे ‘हो हो’ म्हणाले. मीही.

७ जून
टेबलं मांडून पाहिली. कुणीतरी दिलेल्या चाकांच्या खुर्च्या आपोआप भिंतीकडे निघाल्या. ठेकेदार रईसभाई हसत सुटले. “मॅडम, ये कुर्सियाँ तो छुट्टी पे जा रही हैं.”
फरशीला उतार आहे. पंगत उठली की पाणी ओतून धुवायचं, ते भिंतीलगतच्या नालीत जायला हवं, म्हणून. लहानपणापासून इथे मांडी घालून जेवले आणि नकाशात जमीन सपाट काढली! मापं घेताना लेव्हल बघितलीच नाही. आपलीच जागा, त्यात काय बघायचं, असं वाटलं असणार. गिऱ्हाइकाच्या घरी असं केलं असतं का?

९ जून
रईसभाईंचा सल्ला: भर घाला, नाली बुजवा, वर टाइल. काम सोपं. पण मग धुणं नाही, आणि धुणं नाही तर पंगत नाही.
घरी नवऱ्याने, सुहासने, पोळ्या लाटता लाटता विचारलं, “तू अप्पांना घाबरतेयस, की पंगत जाईल म्हणून तुलाच वाईट वाटतंय?”
“पोळी करपतेय,” म्हटलं.
खरंच करपत होती. पण…

१२ जून
अप्पांना सांगितलं. काठी टेकत स्वतः आले, फरशी बघत उभे राहिले.
“हा उतार माझ्या वडिलांनी मिस्त्रीच्या डोक्यावर बसून काढून घेतलाय. बुजवायचाय? माझ्या मागे बुजव.”
मी म्हटलं, “अप्पा, तुम्ही पंगतीला शेवटचे कधी बसलात?”
“मी वाढतो.”
“बसलात कधी?”
“गुडघे बदलल्यापासून नाही. घरी जाऊन जेवतो, टेबलावर. झालं समाधान?”
रईसभाईंनी उगाच टेप गुंडाळायला घेतली. प्रश्न बरोबर होता, पण चारचौघांत विचारायचा नव्हता. मला उत्तर हवं होतं की जिंकायचं होतं?

१५ जून
अप्पांकडे माफी मागायला गेले. वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “चहा घे, मृणाल. वकील व्हायला हवी होतीस.” त्यांचा जिना उतरताना हलकं वाटलं. फरशीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

१७ जून
नानाखेड्याच्या होस्टेलमधल्या दोन मुली विचारायला आल्या, कधी सुरू होणार म्हणून. एक म्हणाली, “आंटी, टिफिन अंदर खा सकते हैं क्या? बाकी जगह सीढ़ी पे बैठना पड़ता है.”
परतताना फ्रीगंजच्या सिग्नलला सुचलं. दाराकडचा अर्धा भाग सपाट करायचा, तिथे अभ्यास. नालीकडचा अर्धा आहे तसा ठेवायचा, तिथे डबा. सांडलं तर धुता येईल. जोड हळूच उतरता करायचा, कुणी अडखळायला नको. पंगत दोन खेपांत बसेल. तिथे बाकं ठेवली तर अप्पाही बसतील, पण मग ‘जमिनीवर’ राहत नाही. हे मी मुलींसाठी करतेय, अप्पांसाठी की नकाशातली चूक झाकायला? तिन्ही असेल. चित्र मात्र छान उतरलं. बऱ्याच दिवसांनी हातानं काढलं.

२० जून, शुक्रवार
अप्पांना चित्र परवाच दिलं. हो नाही, ना नाही. आज रईसभाई निळीत बुडवलेल्या दोरीने फरशीवर मधली रेघ मारत होते, अंदाज यावा म्हणून. अप्पा आले. रेघेपासून नालीपर्यंत चालले, परत आले. मग काठीनं दाखवलं, “दोन फरश्या दाराकडे घ्या.” म्हणजे जेवणाची बाजू मोठी.
रईसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेब केला. एक टेबल कमी होईल, चालेल.
“म्हणजे ठरलं, अप्पा?”
“रेघ आहे गं ती. पुसता येते.”
आणि वाकून, काठीवर भार देत, दोरीचं एक टोक स्वतः धरलं. दुसरं मी.