घाईच्या सिनेमावर माझा सावकाश माहितीपट

२ जानेवारी
आज माहितीपटाला हात घातला. विषय: आपल्या देशात बोकाळलेला स्वस्तातला सिनेमा. एका आठवड्यात शूटिंग, दुसऱ्या आठवड्यात बाजारात. वेगाने वाढणारा उद्योग म्हणून जो तो कौतुक करतोय. अरे, अंगावरची सूजसुद्धा वेगानेच वाढते! हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. मी सांगणार. माहितीपट महोत्सवाला पाठवायची शेवटची तारीख ३१ मार्च.
तोपर्यंत ऑफिसातून बिनपगारी रजा. माहितीपट झाला नाही तर मुकाट्याने टेबलावर परत जायचं आणि जन्मात पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही, असं सौ.ने माझ्याकडून वदवून घेतलंय. खुशाल घेऊ दे.
संकल्प: चिडायचं नाही. निरीक्षकाने चिडायचं नसतं. आणि एकही शॉट घाईत घ्यायचा नाही.
सौ.ने विचारलं, मागच्या माहितीपटाचं काय झालं? मी चिडलो नाही. दार जोरात लागलं ते वाऱ्याने.

६ जानेवारी
सेटवर गेलो. सेट कसला, तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट! हॉलला हिरवा पडदा लावला की हॉस्पिटल, लाल लावला की मंत्र्याचा बंगला, काढून टाकला की तुरुंग.
दिग्दर्शकाला सगळे ‘चालेल’ म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. नायक आला नाही, चालेल, ड्रायव्हरची पाठ दाखवा. एकाच सीनमध्ये नायिकेच्या कानातले बदलले, चालेल. रीटेक हा प्रकार इथे कुणाला ठाऊक नाही. कॅमेरा तर बंदच करत नाहीत, पुन्हा चालू करण्यात वेळ जातो म्हणे. जो समोर येईल तो सिनेमात. आज नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, तो संध्याकाळपर्यंत नायिकेचा हरवलेला काका झाला होता. आणि रडलाही चांगला! डोकं फिरायची वेळ आली. फिरू दिलं नाही.
माझा साउंडवाला म्हणजे मेहुणा, सौ.चा धाकटा भाऊ. सध्या रिकामा आहे. कानाला हेडफोन लावून माझ्याकडे टक लावून बघत बसतो. शिकतोय बिचारा.

१४ जानेवारी
चालेलची मुलाखत. खुर्ची खिडकीशी ठेवली. त्याच्या डाव्या गालावर उजेड यायची वाट बघत होतो, तेवढ्यात हा माणूस आपणहून बोलायला लागला. लोक सिनेमा बघायला थांबलेत, मग आपण त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं, वगैरे. उत्तम बोलला. मी कॅमेरा चालू केला नव्हता. पुन्हा बोला म्हटलं, तर म्हणाला की पुन्हा बोलायची सवय नाही.
त्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. मग मात्र आवाज थोडा चढला. सायलेन्स म्हणालो. ही बादली कुणी ठेवली, असंही विचारलं. लाथ मारली हे खोटं आहे, बादली वाटेत होती. त्यांचा कॅमेरा माझ्याकडे वळला. चालेलने काहीतरी विचारलं. मी ओरडलो की काय वाटेल ते करा, पण गप्प बसा. तो म्हणाला, चालेल.

१५ जानेवारी
संकल्प (नव्याने): चिडायचं नाही.

२ फेब्रुवारी
त्यांचा तो सिनेमा पुरा झालासुद्धा. त्याच फ्लॅटमध्ये दुसरा सुरू. माझा उजेड अजून आलेला नाही. कलेला उजेड लागतो, या लोकांना नुसता बल्ब पुरतो.
एक बघून ठेवलंय. मी बाहेर गेलो की आत हशा पिकतो. परत आलो की सगळे गंभीर. मेहुणा तर जास्तच.

२० फेब्रुवारी
आतापर्यंतचं फुटेज बघायला बसलो. खिडकी. खुर्ची. खुर्ची, जरा उजेडात. माझं कोपर. आवाजात फक्त मी. सायलेन्स, सायलेन्स, बादली. मेहुणा म्हणाला, दाजी, आवाज मात्र एकदम स्वच्छ आलाय. त्याला खोलीबाहेर काढलं.
तरी बाज पकडला आहे. मार्चमध्ये भराभर होईल.

३ मार्च
केस कापायला गेलो. न्हावी मला बघून खुदकन हसला आणि आरशात बघत म्हणाला, ही बादली कुणी ठेवली? पाठीमागे रांगेत बसलेले सगळे हसले. अर्धे केस तसेच ठेवून घरी आलो.
मी त्यांच्या सिनेमात आहे! नायिकेचा तापट सासरा! माझं वय एक्केचाळीस! आणि सिनेमा तुफान चाललाय, तो म्हणे माझ्यामुळे. चालेलला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, त्या दिवशी विचारलं होतं की, तुम्हीच म्हणालात काय वाटेल ते करा. हलकट माणूस.

१० मार्च
चालेल घरी आला. दुसरा भाग काढतोय, सासरा हवाय. मी सरळ नाही म्हटलं. मी दिग्दर्शक आहे, विदूषक नाही! सौ. म्हणाली, अहो, हो म्हणा, निदान एक काम तरी पुरं होईल. तिच्याशी दोन दिवस बोलणार नाही.
मनात ठरवलंय. तिसऱ्यांदा विनवण्या करायला आले की जड अंतःकरणाने हो म्हणायचं.

१९ मार्च
अजून दुसऱ्यांदाच आलेले नाहीत. कामात असतील. आरशासमोर थोडं चिडून बघितलं. घशाला व्यायाम म्हणून.

२४ मार्च
सासरा मेहुण्याला दिला. माझा साउंडवाला! सासूबाई सांगत होत्या, डोळे मिटले तर जावईबापूच बोलतायत असं वाटतं. सौ. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

२५ मार्च
सेटवर गेलो. लाल पडदा. मेहुणा माझ्यासारखा शर्ट घालून बादलीसमोर उभा. बघितलं आणि तोल गेला. खरोखर गेला. आयुष्यात इतका चिडलो नव्हतो. तीन महिने, रजा, माझा उजेड, माझं नाव, माझी बायको हसते, सगळं ओकलो. बादली लाथेने दारापर्यंत गेली. शेवटी आवाजच फुटेना.
हॉलमध्ये चिडीचूप शांतता. जानेवारीपासून मागत होतो ती. त्यांचा कॅमेरा चालू होता, तो असतोच. चालेल माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, नाही चालणार, खोटं वाटतंय. आणि मेहुण्याला म्हणाला, तू कर.

१ एप्रिल
ऑफिसला हजर झालो. माझ्या टेबलावर कुणीतरी बादली ठेवली होती. सगळे माना खाली घालून वाट बघत होते. उचलून कोपऱ्यात ठेवली आणि कामाला लागलो.
चिडलो नाही.