तारेपुरता आजारी

म्हसवड, सन १९७९

मला काय झालेलं न्हाई. धडधाकट हाय. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा. तारेत बाप सीरियस म्हणून लिवलंय ते खोटं हाय, तवा गाडीत रडत बसू नगंस. (यायचं मातर हाय. ते फुडं सांगतो.)

चिरंजीव सिद्धूस तात्याबाचा आशीर्वाद. तिकडं बर्फात तुझी छाती धरत नसंल, जेवण टायमाला मिळत असंल. इकडं सारी खुशाल हाईत असं लिवायची रीत हाय, म्हणून लिवतो. आता तू तार बघूनच निघाला असशील तर हे पत्र तुला मिळायचंच न्हाई, मग मी कुणासाठी बोटं झिजवतोय कुणास ठावं.

तर तारेचं असं झालं. पोस्टातला बाबू म्हनला, आजारी कोन? म्या म्हनलं, अजून जन्मायचंय. त्यानं टाक खाली ठेवला आन माझ्या तोंडाकडं बघत बसला. म्हनला, जन्मायच्या आधीच्या आजाराला पल्टनीत रजा न्हाई, आई-बाप-बायकू यातलं एक सांगा. बायकू म्हणून अंजनाचं नाव घालवंना. तुझ्या आईला, बनाबाईला इचारलं तर म्हनली, माझ्यावर असलं अभद्र नगं. ऱ्हायलो मी. लिवलं माझं नाव. पर अर्जुना पोस्टमनच्या तोंडाला झाकण हाय व्हय? सांजच्याला सारं गाव दारात. आता मी घोंगडं पांघरून खाटंवर कण्हत पडलोय. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली. काल शेजारची भामाबाई नारळ घिऊन आली, उशाशी बसून लय रडली, आन जाताना इचारती, तात्याबा, तुमची ती काठी कुनाला देनार? (दिली न्हाई.)

आता खरं. अंजनाला नववा लागलाय. मागलं बाळ निळं पडून तिसऱ्या दिशी गेलं, म्हणून औंदा नर्सबाईनं सांगलीला धाडलं. थितं एक डाक्तर बाहेर देशात शिकून आलाय. त्यानं नवीन मशीन आणलीय. पोटावर तेलावानी कायतरी चोपडत्यात, वर डबी फिरवत्यात, आन काचंवर पोटातलं पोर दिसतं म्हनं. मला तर मेंढरं गेल्यावर उडती तशी धूळ दिसली. म्या म्हनलं, ह्यात पोर कुठाय? डाक्तरानं बोट लावलं. म्हनला, हे बाळाचं काळीज. लय येळ डबी फिरवली. दुसऱ्या डाक्तराला बलावलं. त्यानंबी डबी फिरवून बघितली.

मग पयला डाक्तर म्हनला, काळजाला चार खोल्या आसत्यात, ह्याची एक वाढलीच न्हाई. आईच्या पोटात हाय तवर आईच्या जिवावर चालतंय. भाईर आल्यावर दोन दिस, लय तर चार. हितं इलाज न्हाई. म्या म्हनलं, डाक्तर, आमी सा जण एका खोलीत जलम काढला, एका खोलीपायी काय अडतंय? हसला न्हाई तो. तवा मला कळलं.

अंजनानं येकच इचारलं. "आत्ता दुखतंय का त्याला?"

डाक्तर म्हनला, "न्हाई. आत्ता ते मजेत हाय."

मला ह्यो डाक्तर पटला न्हाई. आपल्यात सटवाई पाचवीच्या राती येऊन कपाळावर लिवती, आन ह्यानं तिनं लिवायच्या आधीच वाचून टाकलं. घरी आल्यावर बनाबाईला म्हनलं, कान लाव पोटाला. तिनं लावला. म्हनली, चांगलं टकाटका वाजतंय, डाक्तरच येडा. मलाबी तसंच वाटतंय. पर मागल्या बाळाचंबी तिला असंच चांगलं वाजलेलं.

सांगलीवरनं येताना यष्टीत इट्याच्या फुडं अंजना म्हनली, मामंजी, मागल्या टायमाला ह्यांनी बाळाचं तोंड बघितलं न्हाई. पत्र गेलं तवा माती झालेली. ह्या टायमाला दावायचं. म्या म्हनलं, येवढ्या लांबनं येनार, आन दोन दिसांसाठी? ती म्हनली, दोन तर दोन. म्हणून तार.

कळावं.
तुझा बाप, तात्याबा

ता.क. सायबाला तार दाव, हे पत्र फाडून टाक. गावात शिरताना तोंड पाडून ये, म्हंजी पोराला बघून बरा झालो म्हणत मला उठता येईल. बाळ पयलं तुझ्या हातात द्यायचं असं ठरलंय. मी घेनार न्हाई आधी.

ता.क. आपल्यात पोराच्या पाचवीला त्याच्या नावानं एका कोकराच्या कानाला खूण करत्यात. तुझी म्या केली, माझी माझ्या बापानं केली. मागल्या बाळासाठी राखल्यालं कोकरू तसंच मोठं झालं, कान बिनखुणंचा सपाट, कळपात कुनाचंच न्हाई. ह्या टायमाला काळ्या मेंढीचं कोकरू धरलं आन काल खाटंवरनं उठून कान कापला. पाचवीलाच करायचं आसतं, मला ठावं हाय. बनाबाई सकाळपासनं इचारती, येवढी घाई का केली म्हणून. तिलाबी सांगितलं न्हाई. तूबी इचारू नगंस. ह्याच्यावर मी कायबी बोलनार न्हाई.