डाव्या हाताची पात

२ जुलै

ऐन निंदणीच्या तोंडावर मेली. पंधरा दिवस थांबली असती तर काय बिघडणार होतं? होळीपासून अंथरुणाला लागलेलीच होती, तिथं अजून पंधरा दिवस. पण झुंबरबाईला जन्मात कधी वेळ कळली नाही. एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचायची ती बाई. इथं मात्र लवकर निघाली.

जयभीम. लिहायचं राहिलं होतं.

ही डायरी सुनेनं दिली, संघमित्रानं. ब्लडप्रेशरची गोळी घेतली की लिहायचं म्हणाली. गोळी घेतली. बाकीचं पान कोरं सोडायला मी काय सरकारी ऑफिस आहे?

तर मुद्दा गवताचा. तीन एकर कपाशी, आणि गवत तिच्या गुडघ्याला. आजवर मजूर लावायची वेळ आली नाही. आमची सावड होती, मी झुंबरच्या वावरात निंदायची, ती माझ्या. आता गावातल्या बायका रिक्षात बसून लांबच्या गावी निंदायला जातात. जाऊ देत. मला माणसाची गरज नाही. तणनाशक मारणार. पंप घेणार. ठरलं.

३ जुलै

प्रशीलचा फोन. धुळ्याला ये, वावर बटाईनं देऊन टाकू, एकटीनं होणार नाही. माझा मुलगा आहे पण बोलतो तलाठ्यासारखा. मी सांगितलं, या वर्षीची कपाशी मी एकटीनं काढून दाखवते. नाही निघाली तर दिवाळीआधी येऊन बघ आणि घेऊन जा मला. मग मी एक शब्द बोलणार नाही.

तो हसला. मी एक शब्द बोलणार नाही यावर हसला असेल.

त्याच्या फ्लॅटमधून समोरच्या फ्लॅटचा संडास दिसतो. गोळी घेतली.

५ जुलै, संध्याकाळ

अमळनेरला जाऊन आले. रतिलालशेठच्या दुकानात पंपांची नुसती रांग. पेट्रोलवाला चालू करून पाठीवर दिला, माझी कवळी हलली. नको. हातानं दांडा मारायचा पंप स्वस्त, पण एका हातात दांडा, दुसऱ्यात नळी, आणि गुडघे आपलं वेगळंच सांगतात. नको. बॅटरीवाला घेतला, सोळा लिटरचा. रात्री चार्जिंगला लावायचा, सकाळी बटण दाबायचं. भरल्यावर तो मला उचलत नाही, हे शेठला कळू दिलं नाही. अर्धा भरीन. फेऱ्या वाढतील. वाढू देत, मला कुठं जायचंय.

नोझल दोन. एक गवतासाठी, त्यातून पाणी पट्टीसारखं सपाट पडतं. दुसरं किडीसाठी, ते गोल धूर सोडतं. शिवाय नोझलवर बसवायला प्लास्टिकचा टोप, म्हणजे औषध कपाशीवर उडत नाही.

शेठ म्हणाला, मावशी, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, किडीच्या औषधाला दुसरा घ्या. माल खपवायची रीत. मी म्हटलं, शेठ, ज्या पातेल्यात मी वरण करते त्यातच दूध तापवते, आजवर नासलं नाही. घासायचं कशाला असतं? तो म्हणाला, पातेलं घासाल, नळी कशी घासाल? तेवढ्यात माझ्या एसटीची वेळ झाली.

७ जुलै

साध्या पाण्यानं टेस्टिंग. पट्टा उलटा अडकला, झाकण नीट लागलं नव्हतं, अर्धं पाणी पाठीवरून खाली. उकाड्याचं बरंच वाटलं.

हे बघायला नेमका भटू आला. भटू म्हणजे झुंबरचा नवरा, त्याचं वावर माझ्या बांधाला लागून. हातात खुरपं. सावड मोडू नका अक्का, तिच्या जागी मी येतो म्हणाला. भटूची निंदणी मला माहीत आहे. गवत राहतं आणि कपाशी जाते. पात वाकडी, दोन ओळींतलं गवत धरून सरळ पुढं जाणं या माणसाला जमत नाही. झुंबरची पात दोरी लावल्यासारखी जायची. नेहमी माझ्या डाव्या हाताला.

मी नको म्हणत असतानाच तो वावरात जाऊन माझ्या डाव्या हाताला बसला. मी म्हटलं, ऊठ तिथून. का, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला कुठं माहीत होतं. ऊन होतं.

११ जुलै

फवारणी झाली. टोप लावून, अर्धा पंप भरून. एकटीनं. गवत मरणार.

१७ जुलै

गवत पिवळं पडलं! निंदणीला आम्हाला दहा-बारा दिवस लागायचे, त्यातले चार नुसते बडबडण्यात. पंप बडबडत नाही. जावयाच्या तक्रारी सांगत नाही. मिसरीची डबी विसरून माझी मागत नाही. माणसापेक्षा पंप बरा हे मी लिहून ठेवते.

दुपारी भाकर खाताना चुकून दोन कांदे फोडले.

१९ जुलै

बांधावर गाजरगवत माजलंय. शेजारच्या मगनकडे मक्याला आणलेलं तणनाशक उरलं होतं, ते मागून आणलं. मगन म्हणाला, कपाशीला याचा वाससुद्धा सोसत नाही. मी म्हटलं, कपाशीवर कोण मारतंय? बांधावर मारणार. मारलं. वारा नव्हता. मी काही वेडी नाही.

मग पंप घासला. राखेनं, नारळाच्या शेंडीनं, हात घालून कोपरान् कोपरा. माझ्या सासूनं माझ्या भांड्यांना कधी नाव ठेवलं नाही, आणि तिनं बाकी सगळ्याला ठेवलं होतं. नळीतून एक तांब्या पाणी सोडलं. झालं.

२८ जुलै

कपाशीवर मावा. गोल नोझल लावून किडीचं औषध मारलं, सगळ्या तीन एकरांवर, वरून, शेंड्यांपर्यंत. प्रशीलला फोनवर सांगितलं की फवारणी आटोपली. तो नुसतं बरं म्हणाला. हरला की असंच बरं म्हणतो, लहानपणापासून.

३ ऑगस्ट

कपाशीची शेंड्याची पानं जरा लांबट वाटतात. बियाण्याची जात नवीन आहे, तशी असतील.

५ ऑगस्ट

लांबट आणि बारीक. रतिलालशेठनं बियाणं भेसळीचं दिलं असणार. किंवा किडीचं औषध नकली असेल. किंवा माझा चष्मा. गोळी घेतली. दोनदा घेतली वाटतं.

६ ऑगस्ट

चष्मा नाही.

९ ऑगस्ट

भटू न बोलावता आला. वावरभर फिरला. एक शेंडा हातात धरून उभा राहिला, मग म्हणाला, "अक्का, पानं भेंडीना मायक व्हई ग्यात. नळीमा ते औषध ऱ्हाई गयं व्हई."

म्हणे भेंडीसारखी पानं, आणि नळीत मक्याचं औषध राहिलेलं. मी त्याला बरंच काही बोलले. त्याच्या वाकड्या पातीबद्दल, त्याच्या अकलेबद्दल, बायको आजारी असताना धुळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला त्यानं महिना घालवला त्याबद्दल. ते बोलायला नको होतं. पण बोलून झालं होतं.

तो खाली बसला. माझ्या डाव्या हाताला नाही, समोर. म्हणाला, "झुंबरनी माले सांगेल व्हतं, केसरले एकली पडू देऊ नको. मी रोज येस, तुम्ही रोज हाकली देतस."

मी म्हटलं, झुंबर शेवटी तापात काहीही बडबडायची.

तो म्हणाला, ताप नव्हता तेव्हा.

१२ ऑगस्ट

झाडं सुधारतील. शेंडे खुडून टाकले, साधं पाणी फवारलं, खत दिलं. आठ दिवसांत फरक पडणार. मी पंप पुन्हा घासला, सोड्यानं. नळी उन्हात टांगली. आता अगदी स्वच्छ आहे.

२६ ऑगस्ट

फरक पडला नाही. उशिरानं पडेल. प्रशीलला सांगितलं, कपाशी ठीक. सून मागून म्हणाली, आईंचा आवाज बसलाय. मी म्हटलं, रेंज नाही.

११ सप्टेंबर

पावसानं गवत पुन्हा उठलं. पंपाला हात लावला नाही. खुरपं घेऊन बसले. दोन पाती एकदम धरल्या, माझी आणि तिची. थोडं माझ्यात निंदायचं, थोडं सरकून तिच्यात. डावी मागंच पडत होती. ती कधी मागं पडायची नाही, आणि पडलीच तर ओरडायची की केसर, तुला काय एसटी पकडायची आहे का. मी दुपारी उठले तर माझी पात बांधाला लागली होती आणि तिची अर्ध्यात होती. तशीच ठेवली.

कुणी बघितलं नाही. बघायला होतं कोण.

३ ऑक्टोबर

भटूच्या वावरात कापूस पांढरा फुटलाय. माझ्याकडं झाडाला दोन-तीन कैऱ्या, म्हणजे हिरवी बोंडं, त्याही वाकड्या. वेचायला बाई लागणार नाही, एवढा एक फायदा. गोळी संपली. आणायला गेले नाही.

१७ ऑक्टोबर

उद्या प्रशील येतोय, गाडी घेऊन. पातेली बांधली. वावर भटू बटाईनं करणार आहे. त्यानं मागितलं नव्हतं, मीच सांगितलं. डाव्या हाताच्या पातीपासून सुरुवात कर, ती अर्धी राहिलीय, हेही सांगितलं. तो जाऊन ती पात बघून आला.

प्रशील आधी वावरात जाणार. बांधावर उभा राहणार आणि विचारणार, आई, काय झालं कपाशीला? त्याला रागवायला येत नाही, तो हळूच विचारेल, तेच मला नको आहे.

म्हणून भटूला बजावलंय. सकाळपासून बांधावर थांब. पोरानं काहीही विचारलं, तरी माझ्याकडं बघायचं नाही. उत्तर तूच द्यायचं.