पहिल्या टोल्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा घंटा ओतणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण सही तिला करायची नाही. मी कसलीही नशा केलेली नाही, माझ्यावर कोणाचे दडपण नाही. अक्षर थरथरलेले दिसेल, ते भीतीने नव्हे. काल सकाळी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली घंटा ओतली आणि तेव्हापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही!

घंटा शाळेची आहे. सध्या ती अंगणातल्या खड्ड्यात, साच्यात, चारी बाजूंनी माती ठासून गाडलेली आहे. साचा चौथ्या दिवशी उघडायचा, म्हणजे परवा. माझे हृदय मात्र उद्या सकाळी नऊला उघडणार आहेत. हा क्रम मला मुळीच पसंत नाही. मी डॉक्टरांना दोन दिवस मागितले तर म्हणाले, "बाई, घंटा थांबेल, झडप थांबणार नाही." माणूस हुशार आहे, पण घंटेतले त्याला ओ की ठो कळत नाही.

कलम पहिले. ओतशाळेवरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एका लेकीला. मागच्या खोलीची खिडकी उघडत नाही. "आजच बघतो" असे जावईबापू सहा वर्षांपूर्वी म्हणाले होते. ती खिडकी, चौकटीसकट, मी खास त्यांच्या नावावर करते.

कलम दुसरे. ओतशाळा, भट्टी, मुशी आणि सगळ्या कानशी आमच्या कानसवालीला, म्हणजे अकरा वर्षे माझ्याजवळ घंटा घासणाऱ्या बाईला. तिला कान आहेत. तोंडही आहे, पण ते सहन करावे.

कलम तिसरे. भिंतीवरची लांब दांड्याची पळी थोरल्या मिस्त्रींची आहे. थोरले मिस्त्री म्हणजे माझे गुरू. बाकीच्या ओतशाळांनी मला दारातूनच वाटेला लावले होते, त्यांनी फक्त विचारले, "कान बरे आहेत ना?" आणि आत घेतले. मी त्यांच्याकडे अकरा वर्षे शिकले, पण खरे शिकले ते शेवटच्या तीन महिन्यांत. फुप्फुसे गेली होती, उठता येत नव्हते. ऑफिसच्या भिंतीपलीकडे त्यांची खाट होती आणि ते तिथून शिकवायचे. नुसत्या कानशीच्या आवाजावरून ओरडायचे, "आज रागात आहेस! घंटेवर काढू नकोस, इकडे ये, माझ्यावर काढ." मी जायची, तणतणायची, ते शांतपणे ऐकायचे, आणि परत आल्यावर कानस सरळ चालायची.

त्यांनी सांगितले होते, की वितळलेले कासे साच्यात जाताना बोलायचे नाही, आणि श्वासही धरायचा नाही. "श्वास धरला की हात कापतो. चालू दे त्याचं त्याचं." मरणाची भीती वाटते का, असे मी एकदा धीर करून विचारले. "काय सांगू? माझी पहिलीच वेळ आहे," म्हणाले, आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली. काल ओतताना माझा श्वास चालू होता. कासे एका धारेत गेले, एक बुडबुडा नाही! मिस्त्री, ऐकताय ना?

पळी कोणाला ते पुढे येते.

कलम चौथे. हे कलम एका भांडणाचे आहे. मिस्त्रींकडे आम्ही दोघे शिकत होतो. दुसरा माझा गुरुबंधू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मिस्त्रींची शेवटची घंटा आम्ही दोघांनी ओतली. "एकदा ऐकायला मिळाली तर बरं," एवढेच ते म्हणाले. त्यांचे दिवस भरत आले होते हे आम्हाला दिसत होते. मी म्हटले, चौथा दिवस म्हणजे चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी मी कोळसा आणायला गेले आणि परत येते तो खड्डा उकरलेला, साचा फोडलेला, गरम घंटेला गार वारा लागून काठापासून कमरेपर्यंत चीर गेलेली. ती वाजवली तर पत्र्याच्या बादलीसारखी वाजली. मी त्याला अंगणभर जे बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. "उतावळ्या" हे नाव त्या दिवशी मी ठेवले आणि ते त्याला असे चिकटले की लोक खरे नाव विसरले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री गेले. महिन्याभरात त्यानेही हे काम सोडले. आता तो कुठेतरी नळ ओततो. एकतीस वर्षे आम्ही बोललो नाही.

चिरलेली घंटा मी अंगणात ठेवली होती, पुरावा म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. यंदा कासे कमी पडले, तेव्हा ती फोडून मुशीत घातली. म्हणजे मिस्त्रींना जी धड ऐकायला मिळाली नाही, ती आत्ता त्या खड्ड्यात आहे. कळले, मी का नाचते आहे ते?

आता कबुलीजबाब. आज दुपारच्या जेवणानंतर सगळे पांगले आणि मी फावडे घेऊन खड्ड्याशी गेले. हातभर माती काढली सुद्धा. मनात एकच, उद्या टेबलावर झोपायच्या आधी मला हा आवाज ऐकायचा आहे, चिरली तर चिरली! आणि फावडे मारता मारता मी थबकले, कारण त्या दिवशीचा मिस्त्रींचा चेहरा आठवला. त्या बादलीसारख्या आवाजावर ते म्हणाले होते, "अजून एकदा वाजव रे." मग डोळे मिटून, हसत, "केवढी घाई पोराला, माझ्यासाठी." मला वाटायचे, त्यांना भान नव्हते. त्यांना पुरते भान होते. मलाच नव्हते. त्याने स्वतःसाठी घाई केली नव्हती. मी आज स्वतःसाठी करत होते.

मी माती परत लोटली, खड्ड्याच्या काठावर बसले आणि हमसून रडले. मग बरे वाटले.

कलम पाचवे. म्हणून "उतावळ्या" हे नाव मी परत घेते. ते पुढे कोणी वापरू नये. थोरल्या मिस्त्रींची पळी माझ्या गुरुबंधूला. साचा <s>परवा सकाळी</s> त्यानेच उघडावा आणि पहिला टोला त्यानेच द्यावा. मी जगले तरी हक्क त्याचाच. माझा अपराध मोठा आहे आणि देण्यासारखे याहून मोठे माझ्याजवळ काही नाही.

सहीसाठी शेजारचा सुतार आणि समोरची शिंपीण यांना बोलावले. सुताराने सगळे वाचले आणि विचारले, "माझ्या नावावर काहीच नाही?" मी म्हटले, "साक्षीदाराला काही मिळत नसतं." तो म्हणाला, "मग निदान त्याला फोन तरी कर. मेल्यावर कळवणार आहेस होय?" शिंपिणीने नंबर शोधून काढला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"कोण?"

"मी."

"काय झालं? बरी आहेस ना?" एकतीस वर्षांनी, आवाज ओळखल्यावर त्याचा पहिला प्रश्न हा.

मी त्याला चौथे आणि पाचवे कलम एका दमात वाचून दाखवले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "परवा नाही उघडणार मी."

"का?"

"तू नसताना काय उघडायचं? चालत ये, नाहीतर खुर्चीत बसवून आणू. मी संध्याकाळपर्यंत पोचतो आणि तू येईपर्यंत तिथेच बसतो. गार झालेल्या घंटेला कसली घाई?"

"आणि मी आलेच नाही तर?"

"मग बघू," तो म्हणाला. "तू कधीपासून उतावळी झालीस?"

मी इतकी हसले की शिंपीण घाबरून पाणी घेऊन आली.

सबब कलम पाचमधले "परवा सकाळी" हे शब्द खोडले आहेत. त्या जागी "मी परत आल्यावर" असे वाचावे. खाडाखोड माझीच आहे आणि मला मान्य आहे.

सही: (वाचता येत नाही, पण माझीच)

साक्षीदार पहिला: शेजारचा सुतार. आमच्यासमोर सही केली. हसत होती.

साक्षीदार दुसरी: समोरची शिंपीण. रडतही होती.

ठिकाण: ओतशाळेचे ऑफिस, अंगणाकडच्या खिडकीपाशी.

तारीख: घंटा ओतल्याचा दुसरा दिवस.

साचा उघडण्याची तारीख: जागा मोकळी सोडली आहे. मी आल्यावर भरीन.