पटावरचे सातवे नाव

खर्च: सागाच्या फळ्या बारा, सिमेंट सहा पोती, गवंड्याची मजुरी तीन दिवस. एकूण दोनशे चौदा रुपये. अडतीस वर्षांपूर्वीची ही नोंद माझ्याच वहीतली. त्यातून आमच्या बैठकीच्या खोलीत जमिनीखाली बाप्तिस्म्याचा हौद झाला, वर फळ्यांचे झाकण बसले आणि गावात बॅप्टिस्ट मंडळी सुरू झाली.

मी, शिंप्याची विधवा, मॅट्रिक पास, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. आज कोणाचे दडपण नाही. होते ते खाली सांगते.

एक. घर मंडळीला द्यावे. यात अट कसलीही नाही.

दोन. शिलाई यंत्र आणि टपाल खात्यातली शिल्लक मुलीला. यंत्राला दर महिन्याला तेल घालावे, विसरू नये.

तीन. यांचा चष्मा बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाच्या कचेरीला. कारण असे. पहिल्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यात यांच्यासह सहा जण उतरले. मी तापाने आतल्या खोलीत पडून होते. यांनी संघाला कळवले, "मी मंडळीसह पाण्यात उतरलो." चिटणिसाने मंडळी म्हणजे बायको असा अर्थ घेतला आणि पटावर सातवे नाव माझे लिहिले. सात सभासद असल्याशिवाय संघ मान्यता देत नाही. मान्यतेचे पत्र आले तेव्हा मी यांना चूक दाखवली.

"अगं, तू माझी मंडळीच ना? मग खोटं काय त्यात?" हे हसले. मग हळूच म्हणाले, "नाव काढलंस तर सहा उरतील. दाराला कुलूप लागेल."

मी नाव राहू दिले. पुढे सभासद वाढले, पण तोवर बायकांना बाप्तिस्म्यासाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. जी ती विचारी, "बाई, पाण्याखाली भीती वाटते का हो?" मी म्हणे, नाही वाटत. प्रभुभोजनाचा पेला बाप्तिस्मा झालेल्यांचाच, म्हणून मी तो ओठांना लावला, प्याले कधीच नाही. पेले मीच विसळत असे, म्हणून कोणाला कळले नाही. रात्री त्याच फळ्यांवर खाट टाकून झोपते. हे गेले, पण कुलूप अजून माझ्याच तोंडाला आहे.

चार. माझे पांढरे पातळ कोणाला देऊ नये. ते मला लागणार आहे.

साक्षीदार: शेजारची नर्स. समोरचा घड्याळजी. दोघांनी वाचून सह्या केल्या. नर्सबाई रडल्या, घड्याळजींनी शुद्धलेखन तपासले.

सही: शिंप्याची मंडळी
स्थळ: राहते घर. तारीख: ९ मार्च

ता. क. पाळकसाहेब, तुम्ही महिन्यातून एकदा येता, आणि समोर बोलायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून ही प्रत मी जिवंत असतानाच टपालाने पाठवते. आधी सर्वांदेखत पटावरचे माझे नाव खोडा. मग मला पाण्यात उतरवा. डॉक्टर थंड पाण्याला नाही म्हणतात; त्यांचे मी बघते. हौद भरायला चार तास लागतात, तेव्हा कोणता रविवार ते उलट टपाली कळवावे.