आयेच्या हातावरची तुळस

आये, आज बोंबील भाजताना तव्याला बोट लागलं आणि चांगलंच पोळलं. सून धावत आली, तिने नळाखाली हात धरायला लावला. मला मात्र चटका कळला याचंच बरं वाटत होतं, आणि तू आठवलीस.

दिवाळे गावातलं आपलं घर. अंगणात बोंबील वाळतायत, तू पाटी डोक्यावर घेऊन बेलापूरच्या नव्या कॉलनीत निघालीयस, मी पाचवीत आहे. कॉलनीतल्या बायका तुझ्याशी भांडायच्या, पण मासे तुझ्याचकडून घ्यायच्या. त्या वर्षी तुझ्या उजव्या मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला. माशांवर दूध पोटात गेलं की असं होतं, ही तुझी खात्री. माहेरी कधीतरी बोंबलावर चहा प्यायली होतीस, म्हणून दुधाचा चहाच सोडलास. कोरा चहा पिताना तोंड वाकडं करायचीस, ते आठवून अजून हसू येतं.

मग महारोग तपासणारी माणसं घरोघर येणार असं कळलं आणि तू लगेच गोंदणारीला बोलावलंस. हनुवटीवर तीन ठिपके देताना केवढी कळवळलीस. नंतर तिने चट्ट्यावर तुळशीवृंदावन काढायला घेतलं, तर तू आत्याच्या कागाळ्या सांगत निवांत बसलेली. माझ्या आयेचा हात लोखंडाचा आहे, असं मी शेजारी सांगत सुटले, तेव्हा तू मला आत ओढलंस.

"चट्ट्याचं कोनाला बोलू नुको. या हातचं म्हावरं मंग कोन घेल?"

तपासणारा आला, तू दोन्ही हात पुढे केलेस. त्याने तुळस पाहिली आणि तो पुढच्या घरी गेला. त्या दुपारी तू सण असल्यासारखं कोळंबीचं कालवण केलंस. त्याची चव मला आजवर जमलेली नाही.

पुढे तुझी बोटं वाकली, तू वात म्हणालीस. हात भाजला तरी तुला वास आल्यावर कळायचं. त्यातलीच एक जखम चिघळली, ताप चढला आणि तू गेलीस. गोळ्या तेव्हाही फुकट मिळत होत्या. मला तुझा फार राग येतो, आये, इतक्या वर्षांनीही.

पण तपासणीच्या त्या आठवड्यातलं एक तुला कधी सांगितलं नाही. तीच माणसं आमच्या शाळेत आली होती. डोळे मिटायला लावून अंगाला कापूस लावायचे, कुठे लागला ते बोटाने दाखवायचं. चट्ट्यावर कापूस कळत नसेल तर तोच रोग, गोळ्यांनी बरा होतो, घरी कुणाला असेल तर उद्या येऊन सांगा, म्हणाले. घरी येऊन मी देवापुढच्या वातीचा कापूस घेतला आणि खेळ म्हणून तुला डोळे मिटायला लावले. कोपरावर लावला तर गुदगुल्या होऊन हसलीस. मग तुळशीवर लावला. तू डोळे मिटून वाट बघत राहिलीस.

"लाव की गो, कवा लावतेस?"

कापूस तुळशीवरच होता. शाळेत बाकावर माझ्या शेजारी उद्या कोण बसेल, एवढंच माझ्या मनात आलं. हे मी सुनेलाही सांगणार नाही. तू डोळे उघडायच्या आत मी तो मुठीत लपवला आणि म्हटलं, आये, कापूस हरवला.