दुसरं टेबल

९ नोव्हेंबर, रविवार. बोरगाव मेघे.

प्राचीचा पुण्याहून फोन. लग्न ठरलं म्हणते. अनिकेत गजभिये, तिच्याच कंपनीत, दोन वर्षांची ओळख. वडील बँकेतून रिटायर, आई शाळेत मुख्याध्यापिका होती. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पुलगावकडचे; आता पुण्यातच.

मुलगा बौद्ध. आपण कुणबी. सरळ लिहून ठेवतो, पुढे मी गोलगोल बोललो असं माझं मलाच वाटायला नको. मला चालतं. सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "पोरगा चांगला आहे ना, मंग झालं." पण नंतर बराच वेळ गॅससमोर नुसती उभी होती.

प्राची म्हणाली, "अनिकेतच्या आईच्या, काकूंच्या मनात अजून थोडं आहे. तुमच्या गावाकडचे लोक कसे वागतील म्हणून. तुम्ही भेटलात की जाईल." म्हणजे सगळं त्या एका भेटीवर.

१२ नोव्हें., बुध.

अनिकेतच्या वडिलांचा, ग. साहेबांचा स्वतःचा फोन. स्वच्छ आवाज, मोजकं बोलणं. मला आवडला माणूस. म्हणाले, "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वर्ध्याला येणं व्हायचं नाही. तुम्हीच या. घरीच जेवू सगळे. ही स्वयंपाक उत्तम करते."

मी म्हटलं, "साहेब, आधी आमच्याकडचं जेवण. मुलीकडचे आम्ही. घर नाही तिथे तर चांगल्यात चांगल्या हॉटेलात. तुमच्याकडे नंतर केव्हाही."

ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

थोड्या वेळाने प्राची. "बाबा, घरी यायला नाही काऊन म्हटलं?"

"रीत आहे."

"कोणाची?"

ह्या पोरीला सगळ्याचा पुरावा लागतो. माझ्यावरच गेली.

१४ नोव्हें., शुक्र.

दुकानात कामात लक्ष नाही. पुलगावच्या एका मेसचा डीप फ्रीझर दुरुस्तीला आलाय, उघडून ठेवलाय तसाच. संध्याकाळी मोबाइलवर पुण्यातली हॉटेलं पाहत बसलो. भारीतली, ज्याला फाइन डायनिंग म्हणतात ती. फोटोत सगळीच सारखी. पिवळा उजेड, मोठं ताट, मध्ये चिमूटभर अन्न. लोकांनी चांगलं-वाईट लिहिलेलं असतं, पण ज्याने कोल्ड रूमचं दार पाहिलं नाही त्याच्या मताला मी किंमत देत नाही. मी दहावी. पण वर्ध्यातलं कोणतं हॉटेल कालचं अन्न आज देतं हे मला स्वयंपाकघरात पाऊल टाकताच कळतं. कोणी शिकवलं नाही. बंद पडलेली मशीनं उघडून शिकलो.

तेव्हा फोटोवर ठरवायचं नाही. दोन दिवस आधी जायचं, डोळ्याने पाहायचं.

१६ नोव्हें., रवि.

देवळीला दादाकडे गेलो. मोठा भाऊ, सांगणं भाग होतं. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून आधीच तापलेला. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरगी तुही आहे, मी काय म्हणू. हाटेलात जेव का कोठंबी जेव. पण त्यांच्या घरी ताटावर बसू नको. मले गावात राहा लागते."

मी म्हटलं, "मले नको शिकवू. कोणत्या काळात राहून राह्यला तू?"

"मंग हाटेल काऊन पाहून राह्यला?"

"मुलीकडचं जेवण आधी असते म्हणून."

दादा हसला. वहिनीने चहा आणला, अर्धाच प्यालो.

येताना सौ. गाडीवर मागे होती. दादाला जे उत्तर दिलं ते खरं आहे. ग. साहेबांना दिलं तेही तेच.

२१ नोव्हें., शुक्र. पुणे.

सकाळी पोचलो. स्टेशनजवळ लॉज. प्राची म्हणाली माझ्या फ्लॅटवर या, पण तिथे तिच्या दोन मैत्रिणी, नको. सौ.ला आराम करू दिला, मी निघालो.

पहिलं हॉटेल गच्चीवर. मेणबत्त्या, पाण्यात फुलं. खुर्च्या इतक्या खोल की ग. बाईंना उठताना कोणीतरी ओढून काढावं लागेल. बाद.

दुसरं काचेचं. खाण्याच्या नऊ फेऱ्या, एकेक घास, आपल्या मर्जीने आणतात. वेटर पोराने अगदी मन लावून समजावलं. मी विचारलं, पाहुण्याला एखादी गोष्ट आवडली तर आणखी वाढता का? म्हणाला, "नाही सर, तो शेफचा प्रवास असतो." म्हणजे आग्रहच करायचा नाही. जेवण आहे की परीक्षा? बाद.

तिसरं उद्या.

२२ नोव्हें., शनि.

मिळालं. जुना दगडी बंगला, आत शांत. भांडी मध्ये ठेवतात, वाढायला माणूस उभा. खुर्च्या सरळ पाठीच्या, ताठ, गुडघ्याला बऱ्या. मॅनेजरला म्हटलं स्वयंपाकघर पाहायचंय. तो गडबडला. म्हटलं, कूलिंगचं काम करतो, बाकी काही नाही. दाखवलं. कोल्ड रूमचं दार सोडलं तर आपोआप घट्ट बसतं. मच्छी खाली, भाज्या वर, मध्ये अंतर. मनातून पसंत.

टेबल निवडायला वेळ लागला. मोठ्या टेबलावर एसीच्या डक्टचं तोंड सरळ येतं, बाईंच्या मानेवर गार झोत बसला असता. भिंतीकडचं चार जणांचं घेतलं. साहेब, बाई, अनिकेत, प्राची. उद्या साडेबारा. आणि आमचं दोघांचं अडीचला, खिडकीजवळ.

मॅनेजर म्हणाला, "सर, सहांचं एकच लावून देऊ? करता येईल."

"नको. पाहुण्यांचं आधी."

त्याने लिहून घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं. ह्यांना पंगत माहीत नाही. मुलीचा बाप सोयऱ्यांच्या पोटात अन्न गेल्याशिवाय बसत नाही. वाढतो, विचारतो, मग जेवतो. माझ्या लग्नात सासरे दिवसभर उपाशी होते, तो मान मला अजून आठवतो. एवढा मान मी ग. साहेबांना देणार. त्यांना कमी का?

लॉजवर येऊन सौ.ला सांगितलं. ती साडीच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"हॉटेलात पंगत असते काय हो?"

"आपण असलो की असते."

"प्राचीला सांगितलं?"

"उद्या पाहीन तिले."

"सांगून टाका. नाई तर ते लोक काही..."

"काही काय?"

ती साडी पिशवीत ठेवायला लागली. मी पुढे विचारलं नाही.

२३ नोव्हें., रवि. दुपारी चार. लॉज.

लिहितो, जसं झालं तसं.

बरोबर साडेबाराला आले. अनिकेत वाकून पाया पडला, सौ.च्या डोळ्यांत पाणी. बाई काठी घेऊन, हळू. मी खुर्ची धरली. चौघं बसले. मी आणि सौ. भिंतीला टेकून उभे. मी वाढणाऱ्याला खूण केली, सूप आलं, मागोमाग पोळ्या, रस्सा.

बाई म्हणाल्या, "भाऊ, बसा ना."

"होईल, होईल. तुम्ही सुरू करा. आमचं अडीचला आहे."

"कुठे?"

"इथेच. ते खिडकीजवळचं."

बाईंनी चमचा खाली ठेवला. अनिकेतला वाटलं मी गंमत करतोय, तो हसला. प्राची हसली नाही. तिचा चेहरा मला तेव्हाच कळायला हवा होता, पण मी वाढणाऱ्याकडे पाहत होतो, त्याचा रस्सा सांडेल म्हणून.

साहेबांनी सावरलं. "अगं, रीत आहे तिकडची. मुलीचा बाप आधी जेवत नाही. तुझे वडील नव्हते का उभे आपल्या लग्नात?"

बाई म्हणाल्या, "होते ना. आपल्या अंगणात. आणि नंतर आपल्याच लोकांत बसून जेवले." मग माझ्याकडे पाहून, आवाज जराही न चढवता, "माझ्या आजोळी गावात लग्न असलं की आमची पंगत सगळ्यांत शेवटी बसायची. गोठ्यापाशी, वेगळी. तेव्हाही रीतच म्हणायचे, भाऊ. आधी घरी यायला नाही म्हणालात, मी मनाला समजावलं. आता एकाच हॉटेलात दोन टेबलं."

मी म्हटलं, "बाई, उलटं आहे. तुम्ही पहिले. मान म्हणून."

"पहिले की वेगळे?"

वाढणाऱ्याने न सांगता दोन खुर्च्या आणल्या, वाटेत लावल्या. सौ. लगेच बसली. माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईंच्या ताटातली पोळी घेतली, अर्धी मोडली, खाल्ली. म्हणाली, "ताई, गरम आहे, तुम्हीपण घ्या." बाईंनी एक घास घेतला. एकच.

मी खुर्चीच्या पाठीला हात लावला. बसलो नाही.

का नाही ते लिहायचा प्रयत्न केला, खोडलं. लोक पाहत होते. वेळ निघून गेली असं वाटलं. सगळ्यांसमोर कोणीतरी बस म्हटलं म्हणून बसणं मला जमत नाही, आयुष्यात जमलं नाही. आणि दादाचं ते हसणं डोळ्यासमोर. ते त्या वेळी का यावं?

साहेब म्हणाले, "बसा हो. जेवण गार होतंय." मी म्हटलं, "तुम्ही घ्या." काय बोललो मी.

लवकर उठले ते. गोड कोणीच घेतलं नाही. पायऱ्यांवर बाई सौ.चा हात धरून उतरल्या, माझा नाही.

प्राची मागे थांबली. "बाबा, खरं सांगा. रीतच होती, की..."

"पंधरा दिवस धडपडून राह्यलो मी तुझ्यासाठी. स्वयंपाकघर पाहिलं, हवेचा झोत पाहिला..."

"मी ते नाही विचारलं."

गेली त्यांच्याच गाडीत.

अडीचला खिडकीजवळचं टेबल तयार होतं. घडी घातलेले रुमाल. सौ. म्हणाली, "माझं झालं. तुमचं राहिलं असेल तर खा." बाहेर जाऊन उभी राहिली. मी बसलो, दोन घास घेतले. अन्न चांगलं होतं. ह्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी, तिथेच.

सौ.ला शेवटी विचारलं. "तुले काय वाटते? माझ्या मनात तसं काही आहे?"

"मले कायले विचारता. जगाची मशीनं उघडता, आपलं एकदा उघडून पाहा."

"तू पण असं बोलतं?"

"मी घरी जेवायला तयारच होती. तुम्ही विचारलं नाई."

खरं आहे. विचारलं नाही.

घरी यायला नाही म्हटलं त्या दिवशी दादा मध्ये नव्हता. दादाशी बोलणं नंतर झालं. मग तेव्हा 'नंतर केव्हाही' कोण बोललं? तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

२४ नोव्हें., सोम.

सकाळी साहेबांचा फोन. "गाडी संध्याकाळची ना तुमची? दुपारी घरी या. वाटलं तर." हे "वाटलं तर" पहिल्या फोनमध्ये नव्हतं.

"बाई?"

"स्वयंपाकघरात आहे. मी बोलावतोय हे तिला सांगितलंय. ती काही म्हणाली नाही."

प्राचीला फोन केला, उचलला. कोरडी. "काकूंनी लग्नाला नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. अनिकेतशी कालपासून बोलल्या नाहीत. बाबा, यायचं तर जेवायला या. उभं राहायला येऊ नका."

सौ. केव्हाच तयार. आज तिने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

दुपार. त्यांच्या सोसायटीत खाली, बाकावर.

गेटवर दादाचा फोन वाजला, म्हणून सौ.ला वर पाठवलं. म्हटलं येतो मागून.

दादा म्हणाला, "झालं काय जेवण? निघाले काय?"

"नाई. त्यांच्या घरी आलो जेवाले."

तिकडून बैलाच्या घंटेचा आवाज. फोन ठेवला नव्हता, कारण श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "ऐकून राह्यला काय?" तेव्हा ठेवला.

फोन संपून बराच वेळ झाला. मी अजून इथेच. चौथा मजला, लिफ्ट आहे. निमित्त उरलेलं नाही. वर जाऊन काय बोलायचं ते दोनदा लिहून पाहिलं. एकात मी रीत समजावतो, दुसऱ्यात माफी मागतो. दोन्ही वाचली, दोन्हींत मीच बोलतोय. बाई बोलल्या तर ऐकायची तयारी लिहून होत नाही. आणि त्यांनी ताट वाढलंच नसेल तर? तोही त्यांचा हक्क. तरी भूक लागली आहे, कालपासूनची, हे खरं.

लिफ्टचं दार वाजलं. साहेब आहेत. एकटेच, चष्मा हातात, घरातल्या चपला. सौ. सोबत नाही. माझ्याकडेच येतायत. चेहऱ्यावरून काही कळत नाही.

उठतो.